दादाला परत आणायला

निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं सांभाळतात, गुडघे सांभाळतात, सोसायटीच्या सभेत भांडतात. माझा दादा निवृत्त झाला आणि गोंदिया जिल्ह्यात पाळक व्हायला निघून गेला. आम्ही नगरचे. चार पिढ्यांचं ख्रिस्ती घराणं, त्यामुळे घरात पाळक होण्याचं कुणाला नवल नव्हतं, पण ते वेळच्या वेळी व्हावं असं सगळ्यांचं मत होतं. दादाने उभी हयात शाळेत भूगोल शिकवला. तरी अर्जुनी मोरगाव नकाशात दाखव म्हटलं असतं, तर त्याचं बोट चंद्रपूरवर गेलं असतं.

वहिनी गेल्या, मुलगी लग्न होऊन परदेशात गेली, आणि त्याच सुमारास त्याला कुणीतरी सांगितलं की तिकडे जंगलपट्ट्यात एक छोटी जुनी मंडळी, म्हणजे एका चर्चची माणसं आहेत, त्यांना कित्येक वर्षं पाळक नाही. ‘सहा महिने जाऊन बघतो,’ म्हणून गेला. त्याला आता चार वर्षं होत आली.

गेल्या दिवाळीच्या आधी फोन आला. पलीकडून कुणी मनिराम बोलत होते. “ताई, गुरुजी पडले होते जी. आता उठले.” एवढंच. पुढची माहिती मी तासभर उपसून काढली. छातीत दुखलं, गोंदियाला नेलं, तिथून नागपूरला, तिथे तपासणीत हृदयाच्या तीन नळ्या अरुंद झालेल्या निघाल्या. डॉक्टरांनी लवकर शस्त्रक्रिया करा म्हणून सांगितलं, आणि आमचे बंधुराज ‘नाताळ होऊ द्या’ म्हणून गावी परतले.

घरात बैठक बसली. दादाला परत आणायला कुणी जायचं यावर मुळीच चर्चा झाली नाही. दादा फक्त मला घाबरतो. माझी खात्री होती की हा आता सगळं देवावर सोडून बसला आहे. देवावर भरवसा ठेवावा, पण तो रुग्णालयात दाखल होऊन ठेवावा, या मताची मी आहे. बॅगेत रक्तदाब मोजायचं यंत्र घेतलं, स्वेटर घेतला, आणि दादाचं जेवणाचं काय होत असेल या काळजीने एक प्रेशर कुकर घेतला.

गोंदिया

गोंदियाला उतरले ती सकाळी. नगरहून निघालेल्या माणसाला इथे पहिला धक्का बसतो तो भाषेचा. मी मराठीत विचारावं आणि समोरच्याने हिंदीत उत्तर द्यावं, दोघांचंही अगदी सुरळीत चालतं. स्टेशनबाहेर पोहे मागितले तर गाडीवाल्याने त्यावर पळीभर लालभडक रस्सा ओतला, हरभरे घातलेला. मी विचारलं, “तिखट नाही ना हो?”

“बिलकुल नहीं, माताजी,” तो म्हणाला.

त्या ‘बिलकुल नहीं’चं पाणी माझ्या डोळ्यांतून अर्जुनी येईपर्यंत वाहत होतं. डब्यातल्या एका बाईंना वाटलं, मी कुणाच्या तरी मयतीला निघाले आहे. त्यांनी मला केळं दिलं आणि काही विचारलं नाही.

अर्जुनीच्या स्टेशनवर मनिराम मोटारसायकल घेऊन उभे होते. पन्नाशीचे, धानाची शेती करणारे, गालात खर्रा. सुपारी-तंबाखूचा हा चुरा इकडचे लोक दिवसभर चघळतात, त्यामुळे बोलण्यापूर्वी प्रत्येक जण आधी रस्त्याच्या कडेला वळतो. मनिरामही वळले, मग म्हणाले, “गुरुजीले न्याले आल्या का जी?”

“भेटायला आले.”

“बरं.” बॅग पुढे ठेवली, कुकर माझ्या मांडीवर दिला, गाडी सुरू केली. बरंच अंतर गेल्यावर मान न वळवता म्हणाले, “कुकर आनला म्हंजे राहाल. मंग ठीक हाय.”

आमच्या पुण्या-नगरकडे माणूस मनातलं विचारायच्या आधी चहा पाजतो, हवापाण्यावर येतो, मग हळूच फास टाकतो. इथे सरळ फासच.

दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाची खाचरं, इकडच्या भाषेत बांध्या, मधूनमधून तलाव, मागे सागाचं रान. शेवटी गाडी जाईना, म्हणून शेतांतल्या धुऱ्यावरून चालायचं ठरलं. धुरा म्हणजे दोन बांध्यांमधला हातभर रुंदीचा मातीचा बांध. मनिराम त्यावरून रस्त्याने चालावं तसे चालत गेले. मी कुकरसकट चिखलात गेले. मागे वळून बघत ते शांतपणे म्हणाले, “पयल्या साली गुरुजीबी इथंच पडले होते.”

जांभूळटोला

जांभूळटोला म्हणजे वीस-पंचवीस घरं. त्यातली निम्मी मंडळीत येणारी, निम्मी आपल्या जुन्या देवांना मानणारी, आणि सगळी एकमेकांची नातेवाईक. कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या छपराचं बुटकं मंदिर, आमच्या भाषेत चर्च, आणि त्याला चिकटून दादाची खोली.

दादा दारात उभा होता. काळा झालेला, वाळलेला, खांद्यावर दुपट्टा. माझ्या चिखलाच्या साडीकडे पाहून म्हणाला, “तुलाही तोच धुरा दाखवला वाटतं.”

त्याच्या जेवणाची काळजी मी उगाच केली होती. सुकवारोबाई नावाच्या एक म्हाताऱ्या शेजारीण होत्या, नवरा नाही, मुलगा आमगावला दुकानात कामाला. त्या दादाला दोन वेळा जेवू घालत. मी कुकर पुढे केला. त्यांनी उलटापालटा करून पाहिला. “चांगला हाय जी,” म्हणाल्या. “माह्याकडे दोन हायेत. याच्याहून मोठे.”

जेवायला भात होता. सकाळच्या न्याहारीलाही भाताचंच काही होतं आणि रात्रीही भातच असणार होता. सोबत लाखोरीची डाळ, जवसाची चटणी आणि वालाच्या शेंगांची भाजी. मी बाजरीच्या भाकरीवर वाढलेली बाई, तीन दिवसांत मला स्वप्नातही भाकरी दिसायला लागली. पण ती चटणी मी डबा भरून आणली आहे, हेही सांगितलं पाहिजे.

जेवताना मी विषय काढला. दादाने भाताला नावाजलं. मी पुन्हा काढला. दादाने मनिरामच्या म्हशीचं कौतुक केलं. तिसऱ्यांदा काढला तेव्हा तो म्हणाला, “शालू, संध्याकाळी शिष्यवर्ग आहे. तयारी करायची राहिली आहे.” आणि उठला.

शिष्यवर्ग म्हणजे काय ते मी संध्याकाळी पाहिलं. मळणी उरकून, अंगावर तूस घेऊनच दहा-बारा बायका-पुरुष चटईवर येऊन बसले. आमच्या नगरच्या चर्चमध्ये असा वर्ग असता तर छापील पुस्तिका असती, शेवटी प्रमाणपत्र असतं, चहाबरोबर बिस्किटं असती. इथे दादा प्रत्येकाला एकच विचारत होता, मागच्या वेळी ठरवलं होतं त्याचं काय झालं. शिष्य म्हणजे मागून चालणारा, तो कुठवर चालला ते सांगेल, एवढाच अभ्यासक्रम.

मनिरामची पाळी आली. ते म्हणाले, “गुरुजी, खर्रा सुटून नाई राहिला.”

“खर्ऱ्याचं राहू दे. भावाकडे गेला होतास का?”

धुऱ्यावरून दोघा भावांत अबोला होता. मनिराम चटईचा काठ उसवत बसले. मग म्हणाले, “गेलो होतो जी. चहा पेलो. बोललो नाई.”

“त्याने चहा दिला?”

“वहिनीनं देला. पन थो उठून नाई गेला.”

“मग झालं की,” दादा म्हणाला. “आता पुढच्या खेपेला हवापाण्यावर बोल.”

मी मागे भिंतीला टेकून बसले होते. मला हसू येत होतं, आणि थोडी असूयाही वाटत होती. मी इतकी वर्षं मंडळीच्या महिला समितीवर आहे. माझ्या जावेशी माझं कधीपासून बोलणं नाही, हे मला तिथे कुणी कधी विचारलेलं नाही.

प्रतापगड

दुसऱ्या दिवशी दादाच म्हणाला, “चल, तुला प्रतापगड दाखवतो.” मी म्हटलं, साताऱ्याचा पाहिला आहे. तो म्हणाला, इथला बघ, इथे गर्दी नाही. मला वाटलं, एकांतात बोलता येईल. त्यालाही तेच वाटलं असावं.

डोंगर, वर गडाचे अवशेष, आणि दर्गा. दर्ग्याकडे निघालेल्या लोकांत सगळ्याच धर्मांची माणसं होती. एका बाईने आमच्या हातावर साखरफुटाणे ठेवले. दादाने ते मिटक्या मारत खाल्ले. मी म्हटलं, “पाळकसाहेब, चालतं का?” तो म्हणाला, “साखर चालत नाही. डॉक्टरांनी सांगितलं आहे.” आणि उरलेले तोंडात टाकले.

चढ सुरू झाला. थोडं चढून दादा थांबला, एका दगडावर बसला. कपाळावर घाम. हवा थंड होती. मी पाणी दिलं आणि माझा संयम संपला.

“तुला वाटतं तरी काय? देव येऊन नळ्या साफ करणार आहे? भरवसा म्हणजे हट्ट नव्हे, दादा. उद्याच माझ्याबरोबर चल. पुण्यात करू.”

“शालू, मी देवावर सोडलेलं नाही.”

“मग नाताळ कशाला पाहिजे?”

त्याने खाली पाहिलं. खाली शेतातून एक बैलगाडी पेंढा घेऊन चालली होती.

“मला भीती वाटते,” तो म्हणाला. “छाती उघडणार. हृदय थांबवणार. मी फळ्यावर हृदयाचं चित्र काढायलासुद्धा घाबरायचो, आठवतं ना, कधी विज्ञानाचा तास गळ्यात पडला तर बदलून घ्यायचो. रात्री झोप लागत नाही. चार वर्षं या लोकांना सांगतोय, आपली आशा त्याच्यावर, मरणसुद्धा आपलं काही करू शकत नाही. आणि माझेच पाय लटपटतात. हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगू? नाताळपर्यंत भीती जाईल असं वाटलं होतं.”

मी केवढं भाषण तयार करून आणलं होतं. अंधश्रद्धेवर, जबाबदारीवर, वहिनींच्या आत्म्याला काय वाटेल यावर. त्यातलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं. मी त्याच्या शेजारी दगडावर बसले. लहानपणी विजा कडाडल्या की हा माझ्या पांघरुणात शिरायचा, आणि सकाळी सगळ्यांना सांगायचा, शालू घाबरली होती म्हणून गेलो.

“त्यांना सांग,” मी म्हणाले.

“काय?”

“हेच. त्यांना तू दर आठवड्याला विचारतोस, कुठवर आलास. तू कुठवर आलास ते सांग.”

गड आम्ही पाहिला नाही. खाली उतरून चहा घेतला.

रविवार

रविवारी मंदिरात आमच्याकडच्यासारखे बाक नाहीत, सतरंज्या. चपला बाहेर. मोठा बाजा नाही, ढोलक आणि झांजा. पुरुष आत येण्यापूर्वी बाहेर ओळीने चुळा भरतात, खर्रा थुंकायला. दानाच्या वेळी थाळी फिरत नाही. ज्याने त्याने पुढे जाऊन ठेवायचं, कुणी सुपात धान, कुणी दुधी, आणि त्या दिवशी कुणीतरी पाय बांधलेली कोंबडी ठेवली. ती उपासनाभर अधूनमधून आपलं मत देत होती.

दादा त्या दिवशी आशेवर बोलणार होता. आशेला शास्त्रात जिवाचा नांगर म्हटलं आहे. मला सकाळीच त्याने सांगितलं की पहिल्या वर्षी याच विषयावर तो बोलला, तेव्हा सगळ्यांनी जोरजोरात माना डोलावल्या, आणि उपासना संपल्यावर एका म्हाताऱ्याने विचारलं, “गुरुजी, आशा नांगर हाय, तं बैल कोन?” तेव्हा त्याच्या लक्षात आलं की इथे कुणी जहाज पाहिलेलं नाही. त्याने भूगोलाच्या मास्तराला शोभेल अशी समुद्राची, बंदराची, लोखंडी नांगराची चित्रं काढून दाखवली. लोकांनी ती आवडीने पाहिली आणि तरी शेतातलाच नांगर धरून ठेवला. शेवटी दादानेच समुद्राचा नाद सोडला.

तो उभा राहिला. “आज पुन्हा नांगरावर,” म्हणाला, आणि थांबला. इतका वेळ थांबला की ढोलकवाल्याला वाटलं गाणं घ्यायचं आहे, त्याने थाप मारली. दादाने हाताने थांबवलं.

“मला शस्त्रक्रिया करायला सांगितली आहे, तुम्हाला माहीत आहे. मी नाताळचं कारण सांगितलं. ते खरं नाही. मला भीती वाटते. तुमच्यासमोर उभं राहून आशेवर बोलतो, आणि मला मरणाची भीती वाटते. हे तुमच्यापासून लपवलं. एवढंच सांगायचं होतं.”

आणि खाली बसला. कोंबडीसुद्धा गप्प होती.

मला वाटलं, झालं, मीच सांगितलं आणि मीच याचं हसं केलं. आता कुणीतरी उठेल आणि एखादं वचन म्हणून दाखवेल. पण पुढच्या सतरंजीवरून सुकवारोबाईंचा आवाज आला. त्या चिडल्या होत्या.

“मंग आमाले काऊन नाई सांगतलं जी? येकटेच भेऊन राहिले होते?”

“तुम्हाला काय वाटेल असं…”

“काय वाटते? माहा मालक गेला तवा रातभर मी भेली होती, तं तुमी म्हनलं होतं, भेव वाटते तं वाटू दे, देव भेवापासून दूर पराला नाई. आता तुमच्या पाळीले देव पराला का?”

दादाने मान हलवली. नाही.

त्या गुडघ्यांवर हात देत उठल्या, दादाजवळ गेल्या, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. मी अनेक मोठमोठ्या लोकांच्या प्रार्थना ऐकल्या आहेत, काही तर मीच लिहून दिल्या आहेत. अशी नव्हती ऐकली.

“देवा बापा, गुरुजीले भेव वाटून राहिलं. थे लाजून राहिले होते सांगाले. त्याइच्या काळजाच्या नळ्या बुजल्या हायेत. तुले मालूम हाय, तूच बनवल्या. डाक्टरच्या हातात तूच राह्य. आनं तू नेतो म्हनशील तं आमी तुले नाई म्हनू शकत नाई, तू मालक. पन आताच कायले नेतं? तुह्या जवर लय मास्तर असतीन. आमच्या जवर येकच हाय.”

दादा रडत होता. मनिराम भिंतीकडे तोंड करून उभे होते. दाराशी एक माणूस अर्धा आत अर्धा बाहेर उभा होता. तो मनिरामचा भाऊ, मला नंतर कळलं. कोण कुणाबरोबर नागपूरला जाणार, हे त्याच सतरंजीवर ठरलं. मला कुणी विचारलं नाही. पुण्याचं नाव काढायची मला सवडच मिळाली नाही.

नागपूर

रुग्णालयाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सगळी रुग्णालयं सारखीच. त्याला आत नेण्याच्या आधी मी स्ट्रेचरशेजारी चालत होते.

“भीती वाटते का रे?”

“वाटते.”

“मग?”

“मग काही नाही,” दादा म्हणाला. “आता एकट्याला वाटत नाही.”

दार बंद झालं. बाहेर बाकावर मी आणि मनिराम. दुपार झाली तरी ते एकदाही कोपऱ्याकडे वळले नाहीत, म्हणून मी विचारलं, “खर्रा सोडला का?”

“नाई जी. गुरुजी भाईर येतवर खात नाई.” मग घाईने म्हणाले, “देवासंग सौदा नाई करून राहिलो. गुरुजी रागावते. असंच.”

मी माझ्या नेहमीच्या शब्दांत प्रार्थना करायला गेले, ‘हे सर्वसमर्थ, कृपाळू’ वगैरे, आणि पुढे सरकेचना. मग मी ते सोडून दिलं, आणि बाकाचा काठ धरून फक्त ‘आताच कायले’ एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. माझ्या तोंडात त्या भागाची बोली बसत नाही. पण दुसरं काही खरं वाटत नव्हतं.

शस्त्रक्रिया नीट झाली. दुसऱ्या दिवशी आत जाऊ दिलं तेव्हा दादा नळ्यांच्या जाळ्यात डोळे उघडून पडला होता. मनिरामने वाकून अगदी हळू आवाजात विचारलं, “गुरुजी, सोर्ग दिसला का जी?”

“नाही रे,” दादा पुटपुटला. “छत दिसलं.”

मनिरामने सुटकेचा श्वास सोडला. “बरं झालं. दिसला असता तं वापस नसते आले.”

पुन्हा

दादाला मी नगरला आणलं. ज्या कामाला गेले होते ते झालं. नाताळ आमच्याकडेच झाला, पंखे-दिवे-बाकांच्या चर्चमध्ये. लोक भेटायला आले, त्याची विचारपूस केली, त्याच्या धैर्याची तारीफ केली. प्रत्येकाला तो सांगायचा, “धैर्य नव्हतं हो,” आणि त्यांना तो विनय वाटायचा. संध्याकाळी फोनवर मात्र त्याचा आवाज वेगळा लागायचा. धान मळून झालं का, सुकवारोबाईंचा खोकला गेला का, भावाशी काय बोललास, हवापाण्याच्या पुढे गेलास का. फोन ठेवला की पुन्हा आमचा पाहुणा व्हायचा.

याच दिवसांत मी एकदा जावेकडे जाऊन आले. चहा प्याले. फारसं बोलले नाही. दादाला मी ते सांगितलेलं नाही, नाहीतर तो पुढच्या आठवड्याला विचारेल.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्या दिवशी मीच म्हटलं, “तिकिटं काढू का?”

“किती?”

“दोन. तुला पोचवून येते.”

ईस्टर होऊन गेलं होतं. जांभूळटोल्यात ऊन मी म्हणत होतं, रानात वेचलेली मोहाची फुलं अंगणात सुकत घातलेली, सगळीकडे त्यांचा गोडसर वास. अख्खा टोला धुऱ्यापर्यंत आला होता, जुन्या देवांना मानणारी घरंसुद्धा. दादाला दोन भावांनी दोन बाजूंनी धरून बांधीतून आणलं. कुठले दोन भाऊ, ते सांगत नाही.

रविवारी दादाला उभं राहून बोलायची मनाई होती. तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, आज प्रार्थना शालू करेल. मला कल्पना नव्हती. मी उठले. समोर तीच माणसं, चुळा भरून आलेली, माझ्याकडे बघत होती. माझ्याकडे लिहिलेलं काही नव्हतं.

“देवा,” मी म्हटलं, “मी याला घरी न्यायला आले होते.” मी खुर्चीतल्या दादाकडे पाहिलं. “याला इथेच ठेव. आणि जप. आम्हाला तिकडे याची आठवण येईल, तेही तू बघ.”

पुढच्या सतरंजीवरून सुकवारोबाई म्हणाल्या, “आमेन जी.”